खिळा काढ

मामाचा वाडा वाईत, कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. दिवाणखान्यात सुरूच्या झाडाच्या घाटाचे सहा सागवानी खांब, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन बाजूंना दोन हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी हात, आणि प्रत्येक हस्ताच्या टोकाला खाली लोंबणारं एकेक कोरीव केळफूल. हिशेबानं बारा. त्यातली दोन माझ्या जन्माआधीच कुठेतरी गेली, राहिली दहा. मागच्या वर्षी वाटण्या झाल्या आणि दसऱ्यानंतर वाडा उतरवायचं ठरलं. जुन्या सागवानाचा एक व्यापारी येऊन सगळं मोजून गेला. खांब-तुळया घनफुटावर, कोरीव काम नगावर.

श्रावणात मी मामाला फोन केला. "आठ दिवस येऊ का? एक केळफूल काढायचंय."

पलीकडे जरा शांतता. मग, "तुला विकायचंय?"

"अरे, चित्र काढायचंय. चित्र!"

"मग ये. मामीला सांगतो."

मी अप्लाइड आर्ट शिकले आणि पंचवीस वर्षं मुलांच्या पुस्तकांत ससे, हत्ती आणि चष्मा लावलेली घुबडं काढत आले. समोर वस्तू ठेवून, ती जशी आहे तशी काढायचं काम इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर फारसं केलंच नव्हतं. कॉलेजात असताना विश्रामबागवाड्यासमोरच्या फुटपाथवर बसून दर्शनी भागाचे लाकडी खांब आणि सज्जा काढायचो, तेवढंच. पण तेव्हा स्केचबुकाची पानं भरायची घाई. एका खांबाला वीस मिनिटं दिली की आपण फार दिली असं वाटायचं.

आठ दिवसांची कल्पना डोक्यात आली ती अमेरिकेतल्या एका जुन्या सरकारी उद्योगामुळे. तिथल्या मंदीत, १९३५ साली, बेकार चित्रकारांना सरकारनं एक काम दिलं: देशभरातल्या जुन्या हातच्या वस्तू बघून त्यांची हुबेहूब चित्रं काढा. जहाजाच्या नाकाडावरच्या लाकडी बाया, कोरीव गरुड, वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे, गोधड्या, मडकी, खेळणी. 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' हे त्याचं नाव. काम १९४२ पर्यंत चाललं, १८ हजारांवर चित्रं झाली, आणि ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. इंटरनेटवर कुणालाही बघता येतात, मोठी करकरून. त्यांतला लाकडी गरुडाचा एखादा पंख मोठा करून बघा. तडा, उडालेला सोनेरी मुलामा, पिसांच्या खाचेत साचलेली धूळ, सगळं असतं. खाली माध्यम लिहिलेलं असतं: कागदावर जलरंग आणि ग्राफाइट. म्हणजे आपल्या शाळेच्या दप्तरात असायचं तेच, शिसपेन्सिल आणि पाण्याचे रंग. एवढ्या सामानावर हे होतं, याचा मला कित्येक वर्षं हेवा वाटत आलाय.

पहिला दिवस वाया गेला. मी शहाणपणानं ठरवलं होतं की केळफूल जागेवरच ठेवायचं आणि खालून बघून काढायचं. खालून ते केळफूल दिसतच नाही, कांदा दिसतो. घोडीवर चढून बसले तर बोर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि कडीपाटातून डोक्यावर शंभर वर्षांची काजळी. संध्याकाळी मामानं गल्लीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी हस्ताच्या वर हात घालून चाचपलं, एक लाकडी पाचर हलक्या हातानं ठोकून काढली आणि केळफूल खालच्या हातात अलगद उतरवलं. "कुसू साबूत हाय बगा, ताई. एक खिळा न्हाई, सरस न्हाई. नुसत्या पाचरीवर ऱ्हायलंय." वरच्या टोकाला चौकोनी कुसू, म्हणजे हस्ताच्या खाचेत बसणारा खुंटा, आणि त्याच्यावर पटाशीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा. तिसऱ्या जागेचं, असं त्या काळच्या कुणी सुतारानं स्वतःसाठी लिहून ठेवलेलं. भिंतीकडची बाजू कोरलेलीच नव्हती. सपाट, पटाशीचे फटकारे तसेच. कुणाला दिसणार नाही तिथे त्यानं वेळ घालवला नव्हता, आणि मला तो माणूस तिथेच आवडला.

आता हे टांगायचं कसं? दाराच्या चौकटीला सुतळीनं बांधून डोळ्यांच्या उंचीवर आणलं. मी पेन्सिल उचलली आणि ते फिरायला लागलं. चौकातून वारा आला की केळफूल सावकाश डावीकडे वळायचं, थांबायचं, विचार केल्यासारखं करून परत यायचं. शेवटी खालच्या टोकाला दुसरी सुतळी बांधून उंबऱ्याला ताण दिला, तेव्हा ते निमूट उभं राहिलं.

मोजमाप मला सगळ्यात कंटाळवाणं वाटेल असं वाटलं होतं. उलट तिथेच रमले. लांबी कुसवासकट १४ इंच, जास्तीत जास्त रुंदी ६ इंचांच्या आसपास. चित्र त्याच मापाचं काढायचं ठरवलं, म्हणजे हिशेब नको. शेजारी ओळंबा सोडला, तो मधला अक्ष. मग मामाच्या नातवाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन एकेक अंतर उचलायचं आणि कागदावर ठेवायचं. पाकळ्यांच्या चार ओळी. वरच्या दोन मिटलेल्या, तिसरीची टोकं जरा सुटलेली, आणि चौथीच्या पाकळ्या पूर्ण उचलून बाहेर वळलेल्या. त्या वळलेल्या पाकळ्यांखाली कळ्यांची एकेक रांग.

या कळ्यांनी मला छळलं. काजळी आणि चॉकलेटी ऑइलपेंट यांत त्या नुसत्या गुठळ्या दिसत होत्या. चार वेळा काढून चार वेळा खोडल्या. मामी मागे उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, परसात गेली आणि केळीचं खरं केळफूल कापून घेऊन आली. "बस इथं. हाताला तेल लाव. भाजीला सोलून दे."

मी पन्नाशीच्या घरात येईपर्यंत केळफुलाची भाजी नुसती खाल्ली होती. एक जांभळी पाकळी उचलायची, खाली पिवळट कळ्यांच्या रांगा, प्रत्येक कळीतून तो न शिजणारा काळ्या टोकाचा दांडा आणि एक पारदर्शक पापुद्रा ओढून काढायचा, कळी ताकाच्या पाण्यात टाकायची. मग पुढची पाकळी. तासाभरात बोटं काळी झाली आणि लाकडातलं सगळं उलगडलं. कळ्या पाकळीच्या बुडाशी चिकटलेल्या असतात, टोकाशी नाही. त्यांची तोंडं एका दिशेला झुकलेली असतात. खऱ्या फुलात दोन रांगा, कोरणाऱ्यानं एकच घेतली होती, आणि पंधरा-वीस कळ्यांच्या जागी सात. पण झुकाव बरोब्बर. त्या माणसानं केळफूल दुरून पाहिलेलं नव्हतं, हातात घेतलेलं होतं. त्याच्या घरातही कुणीतरी "सोलून दे" म्हणालं असणार, असं मी मामीला म्हटलं. मामी म्हणाली, "पुरुषमाणूस कशाला सोलतोय!"

तिसऱ्या दिवशी मी आळस केला. डावी बाजू इतकी छान जमली होती की ट्रेसिंग पेपरवर उतरवून उलटी केली आणि उजवीकडे गिरवली. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात हेच शिकवायचे: अर्धं काढा, अर्धं छापा. चित्र टवटवीत दिसायला लागलं.

मामानं विश्वकोशाच्या कचेरीत सारी नोकरी मुद्रितं तपासण्यात काढली. विश्वकोश वाईतच तयार होतो, त्यामुळे घरापासून कचेरी आणि कचेरीपासून घर, मध्ये कृष्णामाई, असं त्याचं आयुष्य. निवृत्त झाला तरी हातात कागद आला की खिशातलं पेन आपोआप बाहेर येतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तो दुरुस्त करून ठेवतो. दुपारी चहा घेऊन आला, माझा कागद आणि टांगलेलं केळफूल यांच्याकडे आळीपाळीनं बघितलं, आणि म्हणाला, "उजवीकडची पाकळी खाली आहे."

"कुठली?"

"मूळ बघ. चौथी ओळ. आणि कळ्या सहाच आहेत. तू सात केल्यास."

कर्कटक लावलं. पाकळी ३ मिलिमीटर खाली होती, कळ्या सहाच होत्या. आणि का, तेही दिसलं. तिथे लाकडात गाठ होती. ऑइलपेंटखाली बुजलेली, पण बोट फिरवलं की लागणारी. गाठीत पटाशी चालत नाही, लाकूड कुठल्याही दिशेला उडतं. म्हणून कोरणाऱ्यानं पाकळी जरा खाली सरकवली आणि एक कळी सोडून दिली. मी आरशातली डावी बाजू छापून त्याची ती अडचणही पुसून टाकली होती, आणि त्यानं काढलेली वाटही. अख्खी उजवी बाजू खोडली. मामानं समासात घालतो तशी एक छोटी खूण हवेत बोटानं केली आणि चहाचा कप घेऊन गेला.

मग रंग. पक्कं रेखाटन ट्रेसिंगवरून चांगल्या कागदावर उतरवलं. ३०० जीएसएमचा, सुती, गुळगुळीत पृष्ठाचा. खरखरीत कागदावर एवढं बारीक काम होत नाही. कागद मोरीत भिजवून बोर्डावर गमटेपनं ताणून घेतला होता. रेघा २एचनं, पण अगदी हलक्या हातानं. कडक पेन्सिल दाबली की कागदात चर पडतो, त्यात रंग साचतो आणि नको तिथे काळी रेघ उमटते. आणि एकदा वरून रंगाचं पाणी गेलं की खालची शिसाची रेघ सहसा खोडता येत नाही. म्हणजे जी रेघ ठेवायची नाही ती आधीच पुसा. हे मला माहीत होतं आणि तरी दोन ठिकाणी राहिलीच.

पहिला थर यलो ऑकरचा, चहाच्या पाण्याइतका पातळ. मग बर्न्ट सिएना. मग पुन्हा तेच, जरा खोल भागात. असे सात-आठ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. पुण्यात मे महिन्यात हे काम दोन दिवसांचं. वाईत श्रावणात एक थर वाळायला तास-दीड तास. उन्हाचंही तसंच. चौकातून येणारा उजेड सकाळी नऊ ते अकरा चांगला, त्यातही सर आली की सगळं करडं आणि लगेच लख्ख पिवळं. चौथ्या थराला वैतागून मी टेबलफॅन लावला. फॅननं रंग वाळवला, पण त्याआधी कडीपाटातली काजळी उडवून ओल्या रंगावर पेरली. बारीक काळे ठिपके, तिसऱ्या ओळीत. कापसानं टिपायला गेले तर फरफटले. तेवढे राहू दिले. वाड्यानं स्वतः केलेलं काम म्हणा.

रंग पाहण्यात एक गंमत कळली ती लिहून ठेवते. १९७० च्या दशकात कधीतरी आजोबांनी सगळ्या लाकडाला चॉकलेटी ऑइलपेंट फासला होता (घरोघरी तेव्हा हा रोग होता). मला वाटत होतं की चकाकणारी जागा म्हणजे फिकट चॉकलेटी. बराच वेळ तसंच मिसळत राहिले आणि लाकूड मातीसारखं दिसत राहिलं. मग डोळे बारीक करून बघितलं तर चकाकी निळसर होती. वरचा पेंट तुकतुकीत, त्यात चौकावरचं आभाळ पडलेलं. पेंट उडून सागवान उघडं पडलं होतं तिथे चकाकी नव्हतीच, तिथे नुसता ऊबदार रंग. मग चकाकीच्या जागी कागद तसाच पांढरा सोडून वर निळ्याचा जेमतेम स्पर्श दिला, आणि ऑइलपेंट ऑइलपेंटसारखा दिसायला लागला. ज्या रंगाला मी लहानपणापासून शिव्या घातल्या तो जमल्यावर मला इतका आनंद व्हावा, हे जरा विचित्रच.

काळा रंग वापरायचा नाही असं ठरवलं होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हवा तेवढा गडद होतो. पण पाकळ्यांच्या पोटातला अंधार त्यानंही पुरेना, म्हणून वाळलेल्या रंगावर ४बी पेन्सिल घासली. समोरून झकास. बोर्ड तिरका केला आणि चूक दिसली. शिसाला चमक असते. काजळी म्हणजे मेलेला काळा, तिच्यात उजेड शिरला की परत येत नाही. माझा अंधार मात्र करडा चकाकत होता. पुट्टी रबरानं टिपून टिपून तो काढला आणि परत रंगाचे दोन थर घातले. अर्धा दिवस गेला.

मामाचा नातू या काळात मोबाइल घेऊन भोवती फिरत होता. त्यानं दोनशे फोटो काढले, कुठल्याशा ॲपमध्ये केळफूल गोल फिरवूनही दाखवलं. "आत्या, तुझं अजून अर्धंच?" फोटो चांगले होते. त्यात गाठ दिसत नव्हती, आणि सहावी कळी कुठली नि काजळी कुठली ते कळत नव्हतं, पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. अमेरिकेतल्या त्या मंडळींनाही लोक विचारायचेच, फोटो का नाही काढत म्हणून. तेव्हाचे रंगीत फोटो भरवशाचे नव्हते, हे त्यांच्याकडे सोयीचं उत्तर होतं. माझ्याकडे तेही नव्हतं. आणि हातानं काढलेलं टिकतंच असंही नाही. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षं अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या कितीतरी १८८५ साली लंडनमध्ये आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. भिंती मात्र अजून आहेत.

सातव्या दिवशी राहिला फक्त खिळा.

केळफुलाच्या मानेशी, डाव्या बाजूला, दोन इंची लोखंडी खिळा अर्धा बाहेर, टोक जरा वर वाकलेलं. मी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे काणाडोळा करत होते. एवढं देखणं कोरीवकाम आणि त्यात हा. काढावा की नाही ठरेना, म्हणून मामाला विचारलं. तो पेपर वाचत होता. वर न बघता म्हणाला, "काढ की खिळा."

मलाही तेच हवं होतं. माळ्यावरून पक्कड आणली, खिळा धरला, जरा हलवला. कुरकुर आवाज झाला आणि मामा पेपर टाकून धावत आला.

"अगं, काय करतेस?"

"तूच म्हणालास ना, काढ."

"चित्रात काढ! मुळाबरहुकूम नको का यायला? उद्या म्हणशील गाठ पण काढते!"

खिळा किंचित सैल झाला होता, पण राहिला. मग तो कशासाठी ठोकला यावर घरात वाद. मामा म्हणे, आजोबांनी रेडिओच्या जाळीच्या एरियलसाठी. मामी म्हणे, छे, मच्छरदाणीच्या दोरीसाठी, मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे मच्छरदाणी होती. मामा म्हणे, आधी रेडिओ होता. जेवणं झाली तरी मिटलं नाही.

खिळा काढायला मला वीस मिनिटं लागली आणि आठ दिवसांतली ती सगळ्यात सुखाची वीस मिनिटं. खाली बर्न्ट सिएनाचा गंजका थर, आणि वर ४बी, सरळ शिसं. बोर्ड तिरका केला तर चकाकलं. इथे चकाकायलाच हवं होतं, लोखंड आहे. अंधारात ज्या शिसानं माझा अर्धा दिवस खाल्ला ते इथे बरोबर बसलं. खिळ्याची सावली पाकळीवर तिरकी पडत होती, तीही घेतली.

त्या इंडेक्सच्या चित्रांबरोबर वस्तूच्या माहितीचा एक कागद भरायचे. तसा मीही केला. वस्तू: हस्ताचं केळफूल. लाकूड: सागवान. माप. जागा: दिवाणखाना, पूर्वेकडून तिसरं. रंग: चॉकलेटी ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखालचा कळला नाही. खिळा: लोखंडी, १, रेडिओ किंवा मच्छरदाणी. मामानं तो वाचून 'किंवा' खोडलं आणि मच्छरदाणीही. मामीनं नंतर परत लिहिली.

सुतारकाकांनी केळफूल परत बसवलं, मी पुण्याला आले.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मामाचा फोन आला. व्यापाऱ्याची माणसं कामाला लागली होती. सौदा करताना मामानं एक केळफूल घरच्यासाठी मागून घेतलं होतं, तेच, मी काढलेलं. पण पोरांनी दहाही उतरवून ओटीवर ढीग घातला होता, आणि पॉलिशला जायचं म्हणून आधी सगळे खिळे उपटले होते. नऊ केळफुलांना कुठे ना कुठे भोकं. कुसवावरच्या रेघा बघाव्यात, तर माणसांनी घाईत चार कुसवं करवतीनं उडवली होती. आता ओळखायचं कशावरून?

"मग?"

"मग काय. तुझ्या चित्राचा मोठा प्रिंट होता ना, तो घेऊन बसलो. एकेक ताडून बघितलं."

"सापडलं?"

"सातवं. पाकळी खाली, कळ्या सहा." जरा थांबून म्हणाला, "तिसऱ्या ओळीत तू जे ठिपके दिलेत, ते मुळात नाहीत."

ते काजळीचे, फॅनमुळे उडाले, असं मी सांगितलं. बरं म्हणाला, पण पटलेलं वाटलं नाही. खिळ्याचं विचारलं. तो बाकीच्या लोखंडाबरोबर पोत्यात गेला होता, किलोच्या भावानं.